लाखांदूरहून येणारं सुटीचं पुस्तक

भंडारा जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या कराडात लोक आधी विचारतात, "बदली झाली का?" आपणहून तिकडे कोणी जातं यावर इकडे कुणाचा विश्वास बसत नाही. मी गेल्या मे महिन्यात आपणहून गेलो आणि आठ दिवस राहून परत आलो. वर्षभर लिहीन लिहीन म्हणत होतो. आता बसलोच आहे तर कशासाठी गेलो तेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच अंदाज बांधत बसायला नको. मी एका बाईंना लग्नाचं विचारायला गेलो होतो. माझं वय बेचाळीस, त्यांचं अडतीस, आणि तोवर आम्ही एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

ओळख झाली ती पुस्तकांमुळे. एका मासिकात माझं तक्रारीचं पत्र छापून आलं होतं. मे महिन्याच्या सुटीत वाचावी अशी विज्ञानकथा शोधून सापडत नाही, आणि इतिहासाची पुस्तकं राजांच्या लढायांपुढे सरकत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे असल्या तक्रारी करायचा आपल्याला हक्क आहे असं मला वाटतं. त्याला उत्तर आलं लाखांदूरजवळच्या एका खेड्यातून. लिहिणाऱ्या सुमनबाई, तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. "आमच्याकडे विज्ञानकथा पोचत नाहीत. दर सुटीला तुम्ही एक निवडून पाठवा, मी तुमच्यासाठी इतिहासाचं एक निवडून पाठवीन. लढायांचं पाठवणार नाही."

आठ वर्षं हे चाललं. दर एप्रिलमध्ये पोस्टाने त्यांचं पुस्तक यायचं, सोबत मी गेल्या वर्षी पाठवलेल्या पुस्तकावर चार पानी पत्र असायचं. मग मी माझं पुस्तक पाठवायचो आणि तितकंच लांब पत्र लिहायचो. वर्षातून एकदाच, पण ते एक पत्र मी वर्षभर पुरवून वाचायचो. धाकट्या बहिणींची लग्नं करता करता माझं राहून गेलं होतं आणि राहिलं ते बरंच झालं असं मी चारचौघांत म्हणत असे. मार्च संपत आला की मात्र शाळेतून घरी येताना पाय भराभर पडायचे.

एका पत्रातलं एक वाक्य तर मी डायरीत उतरवून ठेवलं होतं. शंभर वर्षांनी पृथ्वीवर परतणाऱ्या अंतराळवीराच्या कथेबद्दल त्यात लिहिलं होतं: "जो इतक्या काळाने परत येतो त्याच्यासाठी घरात नव्याने जागा करावी लागते, आणि आपल्याच घरात तो पाहुण्यासारखा कडेला बसतो." हे लिहिणारी बाई आपल्या घरात असावी असं मला फार वाटू लागलं. शेवटी मी कळवलं की यंदा पुस्तक पोस्टाने पाठवत नाही. तीन घेऊन येतो, त्यातलं एक तुम्हीच निवडा. उत्तराला पोस्टकार्ड आलं: "या. उन्हाचं जपा."

पवनी

नागपूरपर्यंतची रेल्वे आणि पुढची एसटी यांचं वर्णन करत नाही. घाम सगळीकडे सारखाच असतो.

पवनी हे जुनं गाव. मोठी वेस आणि पडका कोट अजून उभा आहे आणि त्या वेशीतून लोक सायकलला तांदळाची पोती बांधून निवांत ये-जा करतात. मागे वैनगंगा. मी ती नकाशात पाहिली होती, परीक्षेला पहारा करताना मुलं ती भरताना पाहिली होती. मे महिन्यात ती म्हणजे पांढऱ्या वाळूचं मैदान आणि मधून पाण्याच्या दोन-तीन पट्ट्या. त्या वाळूतच वाड्या करतात, वेली लावतात आणि खरबुजं पिकवतात. त्याला तिथे डांगर म्हणतात. आमच्याकडे डांगर म्हटलं की पानात उडदाच्या पिठाचं काहीतरी पडतं, त्यामुळे वाडीवाल्याने "डांगर खाता का जी?" म्हणून विचारल्यावर मी वाटीची वाट पाहत बसलो. त्याने विळ्याने एक फोड कापून हातावर ठेवली. असं गोड फळ मी त्याआधी खाल्लं नव्हतं.

"डोक्याले काही बांधलं काहून नाही?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे बांधत नाहीत."

"तिकडचं उन्ह तिकडं. इकडचं मानसाले वळखत नाही." मग त्याने मी कुठे चाललो ते विचारलं. गावाचं नाव ऐकताच तो हसला. "मास्तरीनबाईच्या गावाले? मंग तुमी कराडवाले सर. गुडघा कसा हाय आता?"

मी चमकलो. गुडघ्याच्या दुखण्याबद्दल मी दोन वर्षांपूर्वीच्या पत्रात सुमनबाईंना लिहिलं होतं आणि दुसऱ्या कोणालाही नाही. त्याची बहीण त्या गावात दिलेली आहे एवढं मला त्याच्याकडून कळलं. खेड्यात गोष्टी फुटतातच, अशी मी मनाची समजूत घातली आणि पुढची बस धरली.

गावात

गावाचं नाव देत नाही. नका देऊ म्हणून मला सांगितलं गेलं आहे. लाखांदूरपासून बैलगाडीने दीड तास. एक मोठं तळं, तळ्याच्या पाळीवर मोहाची झाडं, खाली कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांपलीकडे जंगल. गाडी शाळेपाशी थांबली तेव्हा मला दोन तळी दिसत होती. ऊन लागलं होतं.

त्यामुळे जिच्यासाठी हजार किलोमीटर आलो तिचं पहिलं दर्शन मी आडवा पडून घेतलं. उंच, सावळ्या, केसांत एका बाजूला पांढरी बट, आणि हातात कांदा. तो त्या माझ्या तळपायाला चोळायला देत होत्या, त्यांच्या वडिलांकडे. "पोस्टकार्डावर लिहिलं होतं मी," एवढंच त्या म्हणाल्या.

दोन दिवस कैरीचं पन्हं आणि पेज यांवर गेले. मला वाचनालयात ठेवलं होतं. वाचनालय म्हणजे एक खोली, एक कपाट, दोन बाकं. कपाटात माझी आठही पुस्तकं होती. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर, आणि तरी पानं वापरून मऊ पडलेली. ती पाहून मला इतकं बरं वाटलं की ताप निम्मा तिथेच उतरला.

वडील दिवसभर माझ्याजवळ बसत. वय सत्तरीचं. छपन्न साली त्यांच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते दुसऱ्याच्या बांधीत राबत होते. पुढे पवनीची टेकडी खणायला सुरुवात झाली आणि खाली जुना स्तूप निघाला, तेव्हा माती वाहायला मजूर हवे होते, त्यात हे गेले. "लोकं इतिहास वाचतेत," मला म्हणाले, "म्या टोपल्यानं वाह्यला. घरी येऊन पोरीले म्हटलं, आपन जिथं उभे हावो तिथं दोन हजार वर्सं हायेत खाली. तवापासून थे वाचतच सुटली." पोरगी बाहेर चूल फुंकत होती. मला आमच्या घरच्या बैठका आठवल्या, जिथे इतिहास म्हणजे आपलेच पूर्वज असं सगळे धरून चालतात.

तिसरा दिवस

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. विडीला लागणारं हे पान. पहाटे माणसं जंगलात जातात, ऊन तापायच्या आत ओझी घेऊन परततात, आणि दुपारभर सावलीत बसून पानं जुळवून त्यांचे पुडे बांधतात. अख्खं गाव त्या दिवसांत हेच करतं. शाळेमागच्या मोठ्या आंब्याखाली तीसेक माणसं पानं घेऊन बसली होती. मी टेकत टेकत तिथे गेलो तर सुमनबाई एका उलट्या घमेल्यावर बसून मोठ्याने वाचत होत्या.

वाचत होत्या ते मी पाठवलेलं पुस्तक. समुद्राच्या तळाशी वसवलेल्या शहराचं.

"रोज असतं," एकजण मला सरकून जागा देत म्हणाला. "एक दिवस मांगचं, एक दिवस पुढचं. आज पुढचं हाय." मागचं म्हणजे इतिहास आणि पुढचं म्हणजे विज्ञानकथा. ग्रंथालयशास्त्राने इतकी सुटसुटीत वर्गवारी अजून केलेली नाही.

परिच्छेद संपला की त्या थांबायच्या आणि चर्चा व्हायची. हात मात्र कोणाचे थांबत नव्हते. मी ऐकत होतो, आणि ही वाक्यं, हे प्रश्न, ही वळणं माझ्या ओळखीची होती. शेवटी न राहवून मी बोललो. परतलेल्या अंतराळवीराबद्दल तुमच्या पत्रात फार सुंदर वाक्य होतं, असं सुमनबाईंकडे पाहून म्हणालो, आणि डायरीची गरज न लागता ते म्हणूनही दाखवलं.

"ते माह्यं," समोरची एक म्हातारी म्हणाली. तिचं नाव अनसूयाबाई. "माहा मानूस तुमसरच्या राईस मिलमंदी गेला, तिथून भिलाईले. अकरा वर्सांनं आला. दारात बसे पाहुन्यावानी. मीच सांगतलं होतं, बाईनं नीट करून लिवलं."

मग सगळं बाहेर आलं. लपवलेलं नव्हतंच, त्यामुळे बाहेर आलं म्हणणंही बरोबर नाही. दर मार्चमध्ये सगळे इथेच बसायचे, पत्र सांगायचे, जो तो आपलं वाक्य घालायचा, आणि सुमनबाई कागदावर उतरवून काढायच्या. माझं पत्र आलं की तेही इथेच वाचलं जायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझा गुडघा, माझ्या बहिणींची लग्नं, संध्याकाळी घर खायला उठतं हे मी एकदा लिहून गेलो होतो ते, सगळं या आंब्याखाली पानं बांधता बांधता ऐकलं गेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ वर्षं मी एका बाईच्या पत्रांवर जगलो आणि ती पत्रं तीस जणांची निघाली.

सुमनबाई पुस्तकात बोट घालून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना काय कळलं ते मला कळलं नाही. "पुढं वाचू का?" त्यांनी सगळ्यांना विचारलं आणि वाचू लागल्या.

यंदाचं पुस्तक

त्या रात्री परत जावं असं मनात आलं. पण लाखांदूरची बस त्यानंतर तिसऱ्या दिवशी होती, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी मलाच आंब्याखाली जाऊन बसावंसं वाटलं.

मी नेलेल्या तिन्ही पुस्तकांचा निकाल तिथे लागला. प्रत्येकाची पहिली दहा पानं वाचायची आणि मग ठरवायचं, अशी पद्धत. आपण पुस्तक निवडताना मुखपृष्ठ पाहतो, लेखकाचं नाव पाहतो. यांच्या कसोट्या वेगळ्या होत्या. हात कामात असतात, म्हणून पात्रं थोडी हवीत, नाहीतर कोण कोणाचा ते लक्षात राहत नाही. थांबायला जागा हव्यात, कारण पुडे मोजून घ्यायला माणूस आला की सगळे उठतात. पहिलं पुस्तक यंत्रमानवांचं होतं. ते पडलं, कारण त्यात कोणी जेवतच नव्हतं. दुसऱ्यात काळातून मागेपुढे जाणारा माणूस होता. "यानं एकाच जागी बसून दाखवावं," असं म्हणून तेही बाजूला ठेवलं.

तिसऱ्यात एक यान बी-बियाणं घेऊन दूरच्या ग्रहावर वस्ती करायला निघतं. इथे चर्चा अर्धा दिवस चालली.

"तिथं तळं हाय का?" एकाने विचारलं.

मी म्हटलं, पुढे असेल.

"तळ्याबिगर धान कसं होईल? बिजवाई नेली, पानी कायले नाही नेलं?"

"अन् थे परत येतेत का?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तिथेच राहतात."

"मंग चालते. हेच घ्या."

त्या दिवशी सुमनबाईंच्या घरी सरगुंडे केले होते. कणकेच्या वळलेल्या नळ्या उकडतात आणि आमरसात बुडवून खातात. आमच्याकडे आमरसाबरोबर पुरी, आणि ती कितवी हे वाढणारी मोजते. इथे कोणी मोजत नव्हतं. सुमनबाई समोर बसून वाढत होत्या आणि त्यांच्या वडिलांशी माझं धानाबद्दल बोलणं चाललं होतं. मी खात होतो, बोलत होतो आणि हे ताट रोज असावं, ही बाई रोज समोर असावी, असं मला वाटत होतं. पत्रांचा भ्रम गेला तरी ओढ गेली नव्हती. उलट आता तिला चेहरा आला होता, तो पाहत राहावा असा होता.

पुन्हा पवनी

परतताना सुमनबाई पवनीपर्यंत पोचवायला आल्या. गावात वाईट दिसू नये म्हणून अनसूयाबाई सोबत. बसला वेळ होता, म्हणून आम्ही टेकडीवर गेलो. वडिलांनी जिथली माती वाहिली ती जागा त्यांनी मला दाखवली. खणलेला भाग, विटा, आणि वर बाभळीची सावली. अनसूयाबाई जरा दूर बसून डांगर खाऊ लागल्या.

मी विचारलं, "पत्रांतलं तुमचं काय होतं?"

"अक्षर," त्या म्हणाल्या. "बाकी सगळ्यांचं. माझं मी त्यात कधी घातलं नाही. सगळ्यांसमोर कसं घालू?"

"म्हणजे तुमचं काहीच नव्हतं."

"पुस्तकं होती ना. तुमच्यासाठीची पुस्तकं मी एकटी निवडत होती. दिवाळीला नागपूरला जाऊन, दोन-दोन दिवस दुकानं फिरून. पहिल्या वर्षी मी काय पाठवलं होतं?"

"व्यापारी मार्गांचं. दुरून चालत आलेले भिक्खू, इथल्या विहारांत राहिलेले."

"दुसऱ्या वर्षी?"

दुसऱ्या वर्षी तळी खोदणाऱ्यांचं. गोंड राजाने काशीकडून माणसं आणली, त्यांनी इकडे तळी बांधली आणि ती माणसं इथलीच झाली. मग विणकरांचं, तेही परमुलखातून येऊन या नदीकाठी बसलेले. मी एकेक सांगत गेलो आणि सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. पाचव्या वर्षीचं नाण्यांवरचं होतं, ते यात बसत नव्हतं. तसं मी म्हणालोही.

"त्या वर्षी दुकानात दुसरं काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे बाहेरून आलेले. अन् राहिलेले. अन् तुम्ही काय पाठवलं? कोणी चंद्रावर गेला, कोणी काळात गेला, कोणी समुद्राखाली. तुमच्या पुस्तकातली माणसं निघूनच जातेत सर. एक परत आला, तोही शंभर वर्षांनी. मी वाट पाहत होती, एखादा येईल म्हणून."

माझ्या तोंडात 'तुम्ही कराडला या' हे वाक्य तयार होतं. ते मी घरून पाठ करून नेलं होतं. पण त्यांनीच विचारलं, सरळ, माझ्याकडे पाहून, "तुमी इकडं येऊन राहाल का?"

अनसूयाबाईंचं खाणं थांबलं होतं.

मला माझं घर दिसलं, आई दिसली. आईला मी सुमनबाईंचं नाव सांगितलं होतं, आडनाव सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी मुख्याध्यापकपद माझ्याकडे येणार होतं ते दिसलं. दूरच्या ग्रहांवर वसणाऱ्या माणसांबद्दल वाचताना मी कधी त्यांच्या आईचा आणि नोकरीचा विचार केला नव्हता.

"पाहतो," मी म्हणालो.

"पाहा," त्या म्हणाल्या, आणि अनसूयाबाईंना उठायला हात दिला. बसमध्ये त्यांनी माझ्या मांडीवर एक डांगर ठेवलं आणि डोक्याला आपल्या वडिलांचा दुपट्टा नीट बांधायला लावला.

कराड

आल्यावर मी आभाराचं लांब पत्र लिहिलं. त्यात सगळ्यांची चौकशी होती, आणि त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते आंब्याखाली वाचलं जाईल असं कारण मी स्वतःला दिलं. जिल्हा बदलून मागण्याच्या अर्जाचा नमुना ऑगस्टमध्ये आणून ठेवला. आईशी बोलायचं दिवाळीत ठरवलं, मग संक्रांतीनंतर. जूनमध्ये मुख्याध्यापक होणार आहे.

गेल्या आठवड्यात लाखांदूरहून पत्र आलं. चार पानीच होतं. अक्षर कोवळं, गोल, दुसऱ्याच कोणाचं. "मी कुसुम. दहावी झाले. यंदापासून पत्र मी लिहीत आहे." मग नेहमीप्रमाणे सगळ्यांची वाक्यं. त्या ग्रहावर शेवटी पाणी निघालं आणि धान लागलं हे वाचून बरं वाटलं. यानातले लोक पहिल्या वर्षी रडतात ते खरं वाटतं, दुसऱ्या वर्षीही रडतात ते जरा जास्त झालं. तुमच्या गुडघ्याला तीळतेल लावा.

पुस्तक सोबत नव्हतं. मागाहून येत असेल म्हणून मी पोस्टमनला दोनदा विचारलं. मग पत्र पुन्हा वाचलं, तर शेवटच्या पानाच्या मागे दोन ओळी होत्या, कुसुमच्याच अक्षरात: "बाई ठीक आहेत. बाई म्हणाल्या, सरांसाठी आता निवडत नाही, त्यांचं त्यांनीच निवडावं."

मला त्या पुस्तकांची सवय होती आणि ती निवडणारी मला हवी होती. टेकडीवर एवढंच सांगायचं होतं. बस यायला तेव्हा चांगला अर्धा तास होता.